पडद्याखालून गेलेली चिंबोरी

आमची गौर तिखट खाणारी. तिच्या पानात मटण आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, शेजारी बसलेल्या तिच्या लेकाच्या, म्हणजे गणपतीच्या पानात मोदक. आईचं जेवण लेकाला दिसू नये म्हणून दोघांच्या मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा बांधायचा. पनवेलच्या आसपासच्या गावांत हे कुणाला समजावावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग जेवायला कधी येऊ, असं विचारतो.

मागच्या वर्षी आमचे हे गेले म्हणून सण केला नव्हता. यंदा केला. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात खारघरहून आली. नात आली ती नेहमीसारखी खाली बघत, भिंतीला घासत हॉलमधून थेट स्वयंपाकघरात. समोरच्या भिंतीवर ह्यांचा फोटो आहे ना, तो तिला नको असतो.

तिचं तरी काय चुकलं? तिला कळायला लागलं तेव्हा हे खाटेवर होते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. घशातून नुसतं ‘ऊंऽ, ऊंऽ’ करायचे. पोरगी दारातूनच पळायची. आणि मला मात्र एकच गोष्ट खात होती. टेम्पो चालवताना गळा काढून गाणारा, वाटेत भेटेल त्याला गाडीत घेणारा, अख्ख्या आळीला हसवणारा माझा माणूस, आणि त्याच्या नातीकडे त्याची आठवण कसली उरणार, तर भीतीची.

मुलगा म्हणतो, “आई, राहू दे. मोठी झाली की कळेल.”

कप्पाळ कळेल. मोठी होईपर्यंत सांगणारी मी तरी असायला हवी की नको?

तर त्या सकाळी बादलीत चिंबोऱ्यांची खडखड चालली होती आणि नात स्टुलावर उभी राहून आत डोकावत होती. “आजी, ह्यांना बांधलंय का?”

“बांधलंय तर. नाहीतर तुझ्या आजोबांनी केलं तसं व्हायचं.”

आजोबा म्हटल्याबरोबर तिनं तोंड फिरवलं. मी नारळ खवतच राहिले आणि कुणी विचारलं नसताना सांगायला सुरुवात केली.

लग्नानंतरची माझी पहिली गौर. चिंबोऱ्या सुतळीनं बांधून बादलीत ठेवलेल्या. पडदा आधीच बांधलेला; पलीकडे गणपतीची आरती सुरू होत होती आणि अलीकडे, गौरीच्या बाजूला, मी एकटी चुलीपाशी. हे हळूच आत आले. नव्या बायकोला मर्दुमकी दाखवायची होती, दुसरं काय! बादलीतली सगळ्यांत दांडगी चिंबोरी उचलली, म्हणाले, “बग, मला कदी चावत नाय,” आणि सुतळी सोडली. चिंबोरीनं बोट धरलं. ह्यांनी हात झटकला. ती पडली जमिनीवर आणि तिरकी तिरकी धावत गौरीच्या पाटाखालून, पडद्याखालून सरळ गणपतीच्या बाजूला.

नात वळली. “मोदकांजवळ?”

“मोदकांजवळच. आणि तिथून तुझ्या पणजोबांच्या धोतराला.”

सासरे आरतीचं ताट घेऊन डोळे मिटून उभे. आरती मध्येच तोडायची नाही. सगळ्यांना धोतराला लटकलेली चिंबोरी दिसतेय, पण टाळ्या चालू, तोंडं चालू. शेवटी हे पडद्याखालून पोटावर सरपटत पलीकडे गेले. ह्यांच्या दोन आत्यांना वाटलं, काय भाविक पोरगा, आरतीतच लोटांगण! म्हणून त्याही धाडकन आडव्या झाल्या. आता धोतरावरून सुटलेली चिंबोरी मध्ये, दोन आत्या दोन बाजूंना आणि हे त्यांच्या मध्ये हात घालून शोधतायत.

नात स्टुलावरून खाली उतरून फरशीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. सून बघायला आली तर तिलाही पहिल्यापासून सगळं ऐकायचं होतं.

आरती संपल्यावर सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. “मेल्या, बाप्पाला दिसली ना रं ती?”

“नाय गं आये,” हे म्हणाले, “बाप्पानी डोले मिटून घेतले.” सासूबाईंना हसू आवरेना, मग कुणालाच आवरेना.

त्या दुपारी ह्यांनी त्याच चिंबोरीची मोठी नांगी फोडली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पानात टाकली. सासरी नवी होते, लाजेनं मेले मी. पण त्यानंतर दर गौरीला मोठी नांगी माझीच. भांडण असो, अबोला असो, नांगी पानात पडायचीच.

“मग आजारी होते तेव्हा?” नातीनं विचारलं. ती आता हसत नव्हती.

“तेव्हाही. शेवटच्या गौरीला त्यांना खाटेवर बसवून पान वाढलं होतं. नांगी फोडता येईना, बोलता येईना. डाव्या हातानं ताटली माझ्याकडे ढकलत होते आणि ऊंऽ ऊंऽ करत होते. तू दारात होतीस.”

“मला वाटलं, मला ओरडतायत,” ती म्हणाली. “हात पण असा करत होते. जा म्हणतायत असं वाटलं.”

माझे हात थांबले. एवढंसं पोर, एवढे दिवस हे पोटात घेऊन फिरत होतं. मी तिला जवळ ओढलं, नारळाचे हात तसेच. “तुला नाही गं ओरडत होते. मला म्हणत होते, नांगी खा.”

दुपारी पडदा बांधला, गौर जेवली आणि मग आम्ही हॉलमध्ये पानं मांडली. नात माझ्या समोर बसली, फोटोच्या बरोबर खाली. सुनेनं तिच्या ताटलीत फोडलेली नांगी वाढली, चांगली मोठी. तिनं ती बघितली, उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हातानं ताटली माझ्याकडे ढकलली.

“ऊंऽ,” ती म्हणाली. “ऊंऽ.”

सगळे जेवायचे थांबले. मुलाला ती थट्टा वाटली. तो तिला रागवायला निघाला, तेवढ्यात मी हात पुढे केला आणि नांगी उचलली.