पूजेपुरते टॅबलेट

सुचिता मॅडमच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. लग्नातला शालू घडी न मोडलेला, चांगले कप शोकेसमध्ये, आणि पाहुणे आले तरी चहा स्टीलच्याच पेल्यात. त्यांचे वडील मोरेश्वरराव पांढुर्ण्याच्या बाजारात संत्री निवडायचे. लेकीला ढिगाजवळ फिरकू देत नसत, बोट लागलं की फळ नासतं म्हणून. ते बाईंच्या अंगात मुरलं ते मुरलंच. "जपून!" हा शब्द त्यांच्या तोंडून दिवसभर निघायचा.

मध्य प्रदेशात रामाकोन्याजवळच्या त्यांच्या लहानशा शाळेत सरकारी टॅबलेट आले, तेव्हा पोरांनी नुसता गलका केला. त्यात धडे बोलतात, चित्रं हलतात, समजलं नाही तर तोच धडा हवा तितक्या वेळा ऐकता येतो. घरी मराठी आणि पुस्तक हिंदीत, अशा पोरांना आणखी काय हवं? पण एखादा पडला तर जाब कोण देणार? मॅडमनी सगळे टॅबलेट डब्यांसकट लोखंडी कपाटात घातले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बाहेर निघत ते फक्त दसऱ्याला. सुट्टी असूनही मॅडम शाळा उघडत, पोरं झेंडू आणत आणि धनश्री एकेका डब्याला हळदकुंकू लावी. विद्येचं साधन पुजायचं, पण त्याला हात लावायचा नाही. धन्य ती भक्ती!

धनश्रीची आई जयवंता शेतमजुरी करायची, आणि ही तिची एकुलती एक लेक. हुशार, पण तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. हाडं ठणकायला लागली की पोर अंथरुणाला खिळायची आणि शाळा बुडायची. पावसाळ्यात तिला रक्त चढवायला नागपूरला नेलं. परत आल्यावर मॅडम भेटायला गेल्या, तर ती उशीवरून म्हणाली, "मॅडम, एक टॅबलेट घरी द्या नं जी. माहा अभ्यास सुटून राहिला. सारे पुढं चालले गेले."

"अगं, सरकारी वस्तू आहे ती."

"मी पाडणार नाही. खाटेवरून उठतच नाही, तं पाडन कशी?"

मॅडमना हसू आलं. द्यायचं त्यांच्या मनात आलं होतं, हे खोटं नाही. पण दसरा तोंडावर आलेला. पूजेला सगळे डबे एका ओळीत दिसायला हवेत, एक कमी कसा चालेल?

"दसरा होऊ दे," त्या म्हणाल्या. "पूजा झाली की मी स्वतः आणून देते."

पोरीचा चेहरा उजळला. तिला शब्द पुरला, दिवस पुरले नाहीत. दसरा यायच्या आतच पुन्हा दुखणं उफाळलं, आणि या वेळी नागपूरहून धनश्री परत आली नाही.

दसऱ्याला मॅडमनी कपाट उघडलं. झेंडू होता, कुंकू होतं, पण डबे मांडायला हात उचलेना. एका टॅबलेटचं प्लास्टिक त्यांनी ओरबाडून काढलं. बटण दाबलं, तर तो चालू होईना. कधी चार्जच केला नव्हता. चार्जरला लावून त्या बाकावर बसून राहिल्या. पडद्यावर उजेड आला, तशा त्या टॅबलेट घेऊन जयवंताच्या घरी गेल्या.

जयवंतानं त्यांना आत नेलं. खाटेशेजारच्या कोनाड्याकडे तिनं बोट केलं. कोनाडा रिकामा होता, आत धुतलेल्या फडक्याची घडी अंथरलेली.

"थिनंच जागा करून ठेवली होती," ती म्हणाली. "औषधंही तेथून काढाले लावली. म्हणे, मॅडमची वस्तू येऊन राहिली, तेथं कोणी काही ठेवू नका."

मॅडमनी टॅबलेट त्या घडीवर ठेवला. जयवंतानं तो घटकाभर पाहिला. मग पदराला हात पुसून उचलला, त्याच फडक्यात नीट गुंडाळला आणि मॅडमच्या हातात दिला.

"न्या मॅडम. आता इथं कोण पाहते? जपून न्या, पडन."

मॅडमनी मान हलवली आणि फडकं छातीशी धरून त्या तिथेच उंबऱ्यावर बसून हमसून हमसून रडल्या.