उस्तादांचे कान

सत्तर सालच्या आसपास मी पिंपरीच्या एका कारखान्यात फोर्ज शॉपला होतो. भट्टीतलं लालबुंद लोखंड चिमट्याने ओढायचं आणि हॅमरखाली धरायचं, हे माझं काम. हॅमर चालवायचे ते देहूचे एक वयस्क गृहस्थ. त्यांना सगळा शॉप उस्ताद म्हणायचा, साहेबलोकसुद्धा.

तिथे आवाज असा की बोलण्यात अर्थ नसायचा. सगळा कारभार हातांनी चाले. पालथा तळहात खाली दाबला की हलका ठोका, मूठ वळली की पूर्ण जोर, पंजा उभा धरला की थांब. चहा आला, साहेब आला, कालची भाजी खारट होती, सगळ्याला आमच्याकडे खूण होती. घरी मात्र बायका वैतागत, कारण शेजारच्या पाटावर बसलेल्या माणसाशी आम्ही पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असं बोलायचो.

अशात कंपनीत वेल्फेअर ऑफिसर म्हणून एक बाई आल्या. पुण्याच्या, शिकलेल्या, वयाने आमच्यापेक्षा लहान. आम्हाला वाटलं, या कँटीनच्या आमटीत डाळ किती ते बघतील आणि गप्प बसतील. कसलं काय! आठवड्याच्या आत त्या शॉपमध्ये येऊन हॅमरपाशी उभ्या. कँटीनमधलं आमचं ओरडून बोलणंही त्यांनी टिपलं होतं. त्यांनी कानात घालायला सगळ्यांना कापूस वाटला. आम्ही तो इमानेइतबारे घरी नेला आणि बायकांनी त्याच्या वाती वळल्या. महिनाभर देवांची चंगळ झाली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून शिफ्ट सुरू होताना स्वतः दारात उभ्या राहून प्रत्येकाच्या कानात बोळे घालून घेऊ लागल्या. ही बाई हसते आणि तरी सोडत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

मग त्यांनी कान तपासायचं मशीन आणवलं. लगेच शॉपमध्ये बातमी फुटली की जो नापास होईल त्याला हॅमरवरून काढून हलकं काम देणार. हलकं काम म्हणजे स्टोअरमध्ये बोल्ट निवडत बसणं. हॅमरवरच्या माणसाला ते म्हणजे घोड्यावरून उतरवून गाढवावर बसवल्यासारखं.

उस्ताद हादरले. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "माजं कान ग्येल्यात, मला ठावं हाय. पर हॅमर ग्येला तर मी कोन रं? बोल्ट निवडनारा?"

त्यांचा हॅमर जाऊ द्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. दवाखान्याच्या खोलीला व्हरांड्याकडे मोठी काचेची खिडकी होती. माणसाला कानांवर यंत्र चढवून खिडकीकडे तोंड करून बसवत. त्याच्या पाठीमागे डॉक्टर बटण दाबत, आणि आवाज आला की माणसाने बोट वर करायचं. डॉक्टरांचा अंगठा बाहेरून आम्हाला लख्ख दिसत होता. मी खिडकीबाहेर छातीशी हात धरून उभा राहिलो. अंगठा दाबला की मी मूठ वळायची, उस्तादांनी बोट वर करायचं. आयुष्य ज्या भाषेत गेलं तीच भाषा, एकही चूक झाली नाही.

आम्ही फक्त एक गोष्ट विसरलो, की परीक्षेत फार चांगलं पास होऊ नये. डॉक्टर कागद बघून चक्रावले. "या वयात, या शॉपमध्ये, असे कान?" त्यांनी बाईंना बोलावलं. बाईंनी कागद पाहिला, उस्तादांना पाहिलं, मग खिडकीकडे पाहिलं. मी तेव्हा छाती खाजवत होतो.

उस्तादांची खुर्ची बाईंनी भिंतीकडे फिरवली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पुन्हा घ्या."

डॉक्टरांचा अंगठा दाबला जात होता, सुटत होता. उस्ताद बोट तयार ठेवून शहाण्यासारखे बसले होते. ते बोट हललंच नाही. आवाज वाढवता वाढवता डॉक्टरांनी मशीनची कळ पार शेवटपर्यंत नेली. बराच वेळ वाट पाहून उस्तादांनी मान वळवली आणि अदबीने विचारलं, "बाई, मशीन कवा चालू करनार?"

व्हरांड्यात कुणी हसलं नाही. बाई स्टूल ओढून त्यांच्या समोर बसल्या, ओठ दिसतील अशा, आणि सावकाश म्हणाल्या, "झाली तपासणी, उस्ताद." उस्तादांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला. माझेही डोळे वाहत होते, ते मी लपवले नाहीत.

दुसऱ्या कुणी आमच्यावर लबाडीचा रिपोर्ट केला असता. बाई सरळ मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि सगळा प्रकार असा रंगवून सांगितला की साहेब खो खो हसले. ते हसत असतानाच बाईंनी विचारलं, "नवीन भरती झालेल्यांना या खुणा येत नाहीत म्हणून त्यांचे हात भाजतात. त्या शिकवायला आपल्याकडे कोण आहे?" साहेब म्हणाले, हा माणूस शाळा शिकलेला नाही, ट्रेनिंगला डिप्लोमावाला लागतो. बाई परत आल्या आणि पुन्हा गेल्या. त्या किती वेळा गेल्या देव जाणे, पण उस्ताद त्याच पगारावर ट्रेनिंगला लागले. आमची लबाडी त्यांचं सर्टिफिकेट ठरली.

पण टनाच्या हॅमरला न भ्यायलेला माणूस वर्गापुढे उभं राहायला भ्याला. बाईंनी रोज शिफ्ट सुटल्यावर त्यांना कँटीनमध्ये रिकाम्या खुर्च्यांपुढे धडा घ्यायला लावला. स्वतः मागच्या बाकावर बसून शंका विचारायच्या, त्यासुद्धा हातांनी. मी पुढे बरेच अधिकारी पाहिले. माणसाचं काम काढून घेताना त्याची मान राखणारी ही एकच.

पुढच्या वर्षी पुन्हा कान तपासले. या वेळी सगळ्यांच्या खुर्च्या भिंतीकडे होत्या आणि कुणी खुणा करू नये म्हणून पहाऱ्याला बाईंनी बसवले होते खुद्द उस्तादांना. माझी पाळी आली. अगदी बारीक आवाज आला, मी बोट वर केलं. त्याहून बारीक आला, तरी केलं. बाईंच्या बोळ्यांनी माझे कान राखले होते.

उठलो तर उस्ताद माझ्या बोटाकडेच बघत होते. चेहरा उजळला होता. "समदं ऐकू आलं?"

मी मान हलवली.

"कसा असतोय रं त्यो आवाज?"

मी सांगायला तोंड उघडलं, मग आठवण होऊन हात उचलला. हात तसाच वर राहिला. इतक्या बारीक आवाजाला आमच्याकडे खूणच नव्हती.