फिलूचं फूल

पास्कल अंकल भेटायला आलेल्याचा हात हातात घेत, पण मिळवायला नव्हे, हुंगायला. मी पहिल्यांदा त्यांच्या अरादच्या फ्लॅटवर गेलो तेव्हा त्यांनी माझा हात नाकाशी नेला आणि म्हणाले, "साबण. वर अत्तर. कोपरापर्यंत नुसत्या पाण्याने धुऊन ये, शेठ." सांगलीहून एसी मेकॅनिक म्हणून बहरीनला आलेला मी, आज सलमाबादला माझं स्वतःचं दुकान आहे. माझा हात असा कुणी हुंगला नव्हता. डोकं तापलं, पण गिऱ्हाईक म्हणून गिळलं.

काम होतं काचेच्या टाकीतलं खारं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचं. टाकीत एका दगडावर ताटाएवढं समुद्रफूल बसलं होतं, हिरवट बोटं हलवत. त्या बोटांत एक नारिंगी मासा लोळत होता. रागाच्या भरात मी दुरुस्तीचा भाव दुप्पट सांगितला. समोरचा निम्म्यावर येणार, मग आपण थोडं उतरायचं, ही आमची रीत. अंकलनी सरळ पाकीट काढलं.

"अहो, घासाघीस तरी करा!" मीच ओरडलो आणि निम्मे परत केले.

ते हसले. "म्हणजे तुझा दुसरा भाव खरा? मग पहिला कशाला सांगतोस रे?"

अंकल वसईचे. इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये त्यांचा जन्म गेला. "आयुष्यभर लोकांच्या रक्तातलं मीठ मोजलं, आता पाण्यातलं मोजतो," असं म्हणत आणि दुर्बिणीसारखी एक नळी डोळ्याला लावून खरंच रोज मोजत. ते फूल त्यांच्या बायकोने, फिलोमिनाने आणलं होतं. ती नर्स होती. ती गेल्यावर अंकल त्याला 'फिलूचं फूल' म्हणू लागले. मी नुसतं 'फूल' म्हटलं की मात्र चिडत. "जनावर आहे ते. भूक लागते, राग येतो, जागा आवडली नाही तर उठून चालू लागतं. तुझ्यासारखंच." शुक्रवारी चर्चमधला मिस्सा झाला की चिमट्याने त्याला कोळंबीचा नखाएवढा तुकडा देत. मी जास्त द्यायला गेलो की हात धरत. "लाडाने मरतात ही. उपाशी क्वचितच."

मीही शुक्रवारी जाऊ लागलो. का, ते सांगता येत नाही. त्या घरात माझ्याकडून कुणाला काही नको होतं, एवढंच. एकदा ते समुद्रफूल आक्रसून लिंबाएवढं झालेलं पाहून मी म्हणालो, "अंकल, खलास!" त्यांनी टाकीवर वाकून पाणी हुंगलं. "मेलं म्हणायची घाई करू नकोस. डोळा फसतो, नाक फसत नाही. मेलं तर असा वास सुटेल की शेजारी पोलीस बोलावतील."

मागच्या वर्षी अंकल म्हणाले, "दोन महिने वसईला जाऊन येतो. हे सांभाळशील?" त्यांनी सांगितलं तसं दगडासकट उचलून, टाकीतलंच पाणी पिंपांत भरून, मी सगळं माझ्या जिदहफ्सच्या घरी आणलं. "पाणी उडतं, मीठ उडत नाही," ते दहा वेळा म्हणाले. "कमी झालं की गोडं पाणीच टाक. रोज एक मग. आणि शेठ, पाण्याशी घासाघीस करू नकोस."

मी तेच केलं. मला वाटलं, समुद्राचं जनावर आणि समुद्र फुकट! रोज गोड्या पाण्याच्या बाटल्या कोण विकत आणणार? अरादच्या किनाऱ्यावरून दोन कॅन भरून आणले आणि ओतले. आपल्या इथला समुद्र टाकीच्या पाण्याहून कितीतरी खारट असतो, हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवसांत समुद्रफुलाने दगड सोडला, तिसऱ्या दिवशी ते दिसेनासं झालं. सगळं शोधलं, मफी, कुठेच नाही. नारिंगी मासा तेवढा मागच्या कपारीशी दिवसभर घुटमळत होता. मला वाटलं, घाबरलाय.

त्याच आठवड्यात अंकलचा चिमटा आणायला अरादला गेलो. वॉचमन म्हणाला, "बाबा तो व्हिसा कॅन्सल करके गया. फ्रिज मेरे को दिया." मी तिथेच पेटलो. वॉचमनला फ्रिज आणि खरं, मला ओझं आणि थाप! गाडीतूनच फोन लावला.

"फुललंय का रे?" त्यांनी आधी तेच विचारलं. आवाज बारीक झाला होता. रागात तेही मला ऐकू आलं नाही.

"तुम्ही परत येणारच नव्हता! मला का नाही सांगितलं?"

"तू भांडला असतास, शेठ."

"मग ऐका. मेलं तुमचं फूल. खलास."

मग त्यांनी विचारलं, "वास आला का?"

वास आला नव्हता. मी म्हणालो, "आला."

"बरं," ते म्हणाले. "फिलूकडे गेलं म्हणायचं. माशाला जप."

घरी येऊन मी त्यांची नळी डोळ्याला लावली. मिठाचा आकडा त्यांनी आखलेल्या रेघेच्या खूप वर होता. त्या दिवसापासून थोडं पाणी काढायचं, एक मग गोडं पाणी टाकायचं, असं सुरू केलं. कशासाठी, ते ठाऊक नव्हतं. पुन्हा फोन करायला तोंड नव्हतं. नवव्या दिवशी त्यांच्या पुतण्याचाच फोन आला, अंकल गेले. पोटातला कॅन्सर होता, बहरीन सोडण्याआधीच कळला होता. "शेवटी शेवटी काकांनी फोन बघणंच सोडलं होतं," तो म्हणाला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मासा कपारीशी नाचत होता. मी वाकून पाहिलं. आतून अंगठ्याएवढं, पांढुरकं काहीतरी बाहेर सरकत होतं. त्याला बोटं होती आणि ती हलत होती. मी पाणी हुंगलं. नुसता समुद्राचा वास.

आता ते बशीएवढं झालं आहे. हिरवेपणा परत येतोय. शुक्रवारी नखाएवढी कोळंबी देतो. आधी कोपरापर्यंत हात धुतो आणि हुंगतो.

चूक माझी, हे मान्य. पण अंकलवरचा एक राग जात नाही. माझं पहिलं बोलणं कधी खरं नसतं, हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. 'वास आला का,' हे त्यांनी आणखी एकदा विचारायला हवं होतं. एकदाच. मी उतरलो असतो.