दारावर चिकटवलेला व्हिप

नगरपंचायतीत मी निवडून आले तेव्हा मामंजींनी मला एकच सल्ला दिला होता. "कसला बी कागद आला तर हातात घ्यायचा न्हाई. घेतला न्हाई तर लागू हुत न्हाई." फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पण नोटिशीच्या बाबतीत त्यांचं मत सगळ्या गावासारखंच.

उपनगराध्यक्षाच्या निवडीच्या आदल्या दिवशी गटनेत्याचा माणूस लिफाफा घेऊन आला. मामंजींनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवून लावला. तासाभरात तो दोन साक्षीदार घेऊन आला, दाराला खळ लावली, कागद चिकटवला, मोबाईलवर फोटो काढला, "आता लागू झाला" म्हणाला आणि गेला. एकटीनं वाचायचा कागद आता अख्खी गल्ली वाचत होती: पक्षाच्याच उमेदवाराला मत द्यावे, अन्यथा सदस्यत्व रद्द होईल.

आणि त्याच गल्लीला मी शब्द दिला होता. आमच्या पाइपलाइनचा विषय सभेत दोनदा बाजूला सारला तो याच उमेदवारानं. विरोधी गटाकडून उभी राहिलेली बाई मात्र आमच्यासाठी भांडली होती. मत तिलाच देणार, असं मी नळावर सगळ्यांसमोर सांगून बसले होते.

काही सुचेनासं झालं की शब्दांत डोकं घालायची माझी कॉलेजपासूनची खोड. व्हिप हा शब्द म्हणे विलायतेतल्या शिकारीतून संसदेत आला. शिकारी कुत्री पांगू नयेत म्हणून एक माणूस चाबूक घेऊन त्यांच्यामागं असायचा. विधानसभेत पक्षाचे आमदार पांगू न देणाऱ्याला आपण प्रतोद म्हणतो. तो शब्द तर त्याहून जुना, संस्कृतातला. जनावराला टोचून हाकायची काठी, आमच्याकडची पराणी.

मामंजींना हे सांगितलं. "औताच्या बैलाला म्या कवा पराणी लावली न्हाई," एवढंच म्हणाले. मी काय करावं ते मात्र सांगितलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. एरवी न विचारता सल्ले देणारा माणूस नेमका आजच मुका झाला होता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात हात वर करून मतदान होतं. गटनेता माझ्या मागच्याच खुर्चीवर बसलेला. पक्षाच्या उमेदवाराचं नाव पुकारलं. मी मागं वळून पाहिलं नाही. हात वर केला.

संध्याकाळी नळावर कुणीच भांडलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मग मीच सारवासारव करत त्या शब्दाचा अर्थ सांगत सुटले. शिकार, कुत्री, चाबूक, पराणी, सगळं. शेजारची म्हातारी कळशी भरेपर्यंत ऐकत राहिली. कळशी कमरेवर घेत म्हणाली, "आन् तुझ्या मागं काय हुतं गं? कागदच न्हवं?"