आबांचा पाय आणि आगरातली रांग

परवा नातीच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती, कोलशेतला. गॅलरीतून खाडी दिसते म्हणून ती मला कौतुकानं दाखवायला घेऊन गेली. मी म्हटलं, अगं बाई, तुझी बिल्डिंग उभी आहे ना, तिथंच कुठंतरी आमचे आबा मीठ पिकवायचे... तिला वाटलं, आजीचं वय झालं.

वय झालंय, खोटं कशाला बोलू. पण ते दिवस कालचे वाटतात. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील, मी नुकतीच शाळेत जायला लागले होते.

आबा म्हणजे माझे वडील. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. आणि गळा असा की आगरात, म्हणजे मिठागरात, गाणं त्यांनीच धरायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं.

त्या वर्षी गणपती बोळवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबा तांब्या उचलायला वाकले, ते तांब्यासकट खाली बसले. तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा. आज आपण स्ट्रोक म्हणतो... तेव्हा म्हणायचे, अंगावरून वारं गेलं.

मग काय, जितकी तोंडं तितकी औषधं. कुणी निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला, कुणी गरम वाळूची पुरचुंडी. कबुतर खायला घाला, वारं उतरेल, हे तर येणारा प्रत्येक जण सांगायचा आणि जाताना कबुतर देऊनही जायचा. ओसरीवर एवढी कबुतरं जमली की त्यांच्या घुमण्यानं आबांची झोप उडाली. एक ना धड भाराभर चिंध्या.

ठाण्याच्या डॉक्टरांनी मात्र आईला स्पष्ट सांगितलेलं... पायावर रोज भार पडला पाहिजे, नाहीतर तो पाय कायमचा गेला समजा.

आणि आबा नेमकं तेच करेनात. एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं आत्या, अशा दोघी धरून त्यांना अंगणात उभं करायच्या. समोरून कुणी गेलं की आबा मटकन खाली बसायचे. बायका धरून चालवतात हे गावानं बघावं, याची त्यांना इतकी लाज वाटायची की डोळ्यांत पाणी यायचं.

येणारेजाणारेही सांगायचे, तू पड निवांत, तुझ्या वाटणीचं काम आम्ही उरकतो. प्रेमानंच सांगायचे हो... पण त्यानं आबा आणखी खचायचे. शेवटी तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. आई देवापुढे बसून रडायची आणि मला वाटायचं, आता आबा काही उठत नाहीत.

आत्या रडणाऱ्यातली नव्हती. आबांची ही थोरली बहीण, विधवा, आमच्याकडेच असायची. तिची जीभ म्हणजे कोयता.

दिवाळी झाली आणि आगराच्या कामाला सुरुवात झाली. पाऊस संपला की आधी आगराचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, नाहीतर मिठात चिखल येतो. माती निसरडी, म्हणून बायका-पुरुष एकमेकांना धरून रांगेनं उभे राहायचे आणि गाण्याच्या तालावर सगळ्यांनी एकदम पाय आपटायचे.

त्या सकाळी आत्या आबांच्या उशाशी येऊन म्हणाली, "घरान बसून काय अंडी घालतस? चल आगरान." आम्हाला वाटलं, बांधावर बसवून काम दाखवायला नेतेय. बैलगाडीत घालून नेलं त्यांना.

गाडी थांबली आणि आत्यानं काकांच्या, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाच्या, मदतीनं त्यांना सरळ चिखलात उतरवलं. रांगेच्या मधोमध. एका बाजूला स्वतः उभी राहिली, दुसऱ्या बाजूला काका. आबा संतापले... जीभ वळत नव्हती, तरी शिव्या सगळ्यांना कळत होत्या.

पण गंमत बघा. रांगेत सगळ्यांनीच सगळ्यांना धरलेलं असतं. कोण कुणाच्या आधारानं उभं आहे, हे बघणाऱ्याला कळायची सोयच नाही. आबा शिव्या देता देता आजूबाजूला बघायला लागले आणि डाव्या हातानं त्यांनी काकांचा खांदा धरला.

आत्यानं तिच्या भसाड्या आवाजात गाणं धरलं. आबांचा डावा पाय पडायचा, उजवा मागं राहायचा. मी बांधावर बसून बघत होते... बघता बघता अख्ख्या रांगेनं ताल उतरवला. कुणी कुणाला सांगितलं नाही. आबांचा पाय चिखलातून निघेपर्यंत बाकीचे थांबायचे, आणि मग सगळ्यांचे पाय एकदम धप्पकन पडायचे.

आगराचं काम असं रेंगाळत कुणी करत नसतं. त्या दिवशी निम्मं तरी उरकलं असेल की नाही, देव जाणे. पण एकानंही तोंड वाकडं केलं नाही.

रांग बांधापाशी आली. काका म्हणाले, दमला असशील, बस आता. आबांनी काकांचा खांदा सोडलाच नाही. उजवा पाय उपटला, स्वतःच वळवला आणि जड जिभेनं दरडावले, "तालान चला."

ज्यांच्यासाठी ताल बिघडवला, तेच ताल शिकवायला लागले... आत्या हसता हसता रडायला लागली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आई तर लुगडं खोचून चिखलात उतरली आणि रांगेत शिरली.

तुडवणी संपेपर्यंत आबा रोज रांगेत होते. मीठ पडायला लागलं तेव्हा काठी घेऊन बांधावरून फिरत होते, पाय ओढत, सगळ्यांना कामं सांगत... नुसती कटकट. पुढं माझ्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून पाहुण्यांना नमस्कार करत होते, उजवा हात जरा खाली राहायचा एवढंच.

त्या रांगेतलं आज कुणीही नाही. त्यांचे कुणी आभार मानल्याचं मला आठवत नाही, तशी पद्धतच नव्हती आमच्यात. मी मात्र रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की त्या सगळ्यांची नावं घेते, एकेक करून... आधी आत्याचं.