अर्धी घागर

शकूकाकू, लातूरचं घर सोडलं त्या सकाळी किल्ली तुमच्या हातात देताना आई एकच वाक्य बोलली होती, "अर्ध्या घागरीवर घर सोडून चालले बाई." तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवलात. मी टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होते, म्हणून ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपल्याकडची रीत मलाही माहीत होती. घर सोडताना भरली घागर मागं ठेवायची, म्हणजे घर ओसाड पडत नाही. पण ते रेल्वेनं पाणी येण्याचं वर्ष. नळाला जीव नव्हता, टँकरची वेळ कुणालाच ठाऊक नव्हती आणि पिण्याचा जार आदल्या संध्याकाळीच संपला होता. भरली घागर आणायची कुठून?

आमच्या घरात पाणी होतं, ते मन्मथचं. माझा हा भाऊ जहाजावर कामाला होता, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा हैदराबादहून खाऱ्या पाण्याची ती काचेची पेटी, समुद्रातले दगड, वाळू आणि दोन नारिंगी-पांढरे मासे घेऊन आला. औशाच्या पलीकडं कधी न गेलेल्या आईला म्हणाला, "तुला समुद्र बघाया न्हेणं होईना, म्हनून घरीच आणला." नंतर तो गेला आणि जहाज त्याच्याशिवाय परत आलं. काय झालं, ते आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. देह मिळाला नाही, म्हणून समाधी नाही. पुढं अप्पा गेले. आपल्या लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून, विभूती आणि मीठ घालून माती दिली. घरी आल्यावर आई पेटीसमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यांना मीठ आपून दिलं. त्याला समुद्रानं दिलं."

तेव्हापासून ती पेटी म्हणजे त्याची समाधीच झाली. मी पदार्थविज्ञान शिकवते. वाफ पाण्याची होते, मिठाची होत नाही, म्हणून जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी रोज वर घालायचं, हे आईला मीच शिकवलं होतं. ती सकाळी लिंगपूजा आटोपली की पहिला तांब्या तिथं घाली. दुष्काळातही तिनं तो सोडला नाही, स्वतःची आंघोळ सोडली. गल्लीत लोक बोलत, माणसं तहानेनं मरायला लागली आणि ह्यांना माशांचं पडलंय. तुम्ही मात्र कधी बोलला नाहीत काकू, हे मी विसरले नाही.

त्या उन्हाळ्यात क्लासची पोरं गावोगाव परतली, होस्टेलं ओस पडली. क्लासच्या सरांनी मला नांदेडच्या शाखेत शिकवायला जायला सांगितलं. अप्पा असते तर हसले असते. लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट ते नेहमी सांगत, "आमी जाग्यावरच बसून होतो, अन् जिल्हा बदलला." माझ्या नशिबी मात्र जाग्यावरून उठून जिल्हा बदलणं होतं.

पेटी हलवायची म्हणजे जुनं पाणी जमेल तेवढं सोबत न्यावं लागतं. सगळं नवं घातलं तर मासे दगावतात. पाणी निळ्या कॅनांत भरलं, दगड ओल्या गोणपाटात गुंडाळले, मासे थर्माकोलच्या खोक्यात ठेवून त्यात बॅटरीवरचा पंप सोडला. सगळे कॅन भरल्यावर पेटीच्या तळाला जे उरलं ते आईनं पितळी घागरीत गाळून घेतलं. घागर अर्धीच भरली. तिनं ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवली, वर विभूतीचं बोट लावलं, आणि दार लावताना दोनदा मागं वळून बघितलं.

अहमदपूरच्या अलीकडं मासे बघायला एका झाडाखाली थांबलो. भर दुपार होती. समोरच्या हापशावर घागरींची लांब रांग होती आणि माणूस एकही नव्हतं. वारा नव्हता. एवढ्यात टेम्पोच्या मागं एक म्हातारी उभी दिसली. कुठून आली ते मी पाहिलं नव्हतं. कॅनवर हात ठेवून तिनं विचारलं, "कुनाचं पानी हाय गं हे?"

खारं आहे, पिण्याचं नाही, असं मी सांगणार होते. आई आधी बोलली, "माज्या लेकाचं हाय."

म्हातारीनं हात काढून घेतला. पदर डोक्यावर घेतला, कॅनला नमस्कार केला आणि घागरींच्या रांगेकडं निघून गेली. तिनं पाणी मागितलं नाही. टेम्पोवाल्यानं घाईघाईनं गाडी सुरू केली.

नांदेडला पेटी लागली, मासे जगले. पण ते फिरेनात. दोघंही मागच्या भिंतीकडं तोंड करून एका जागी पोहत राहत. मासे प्रवाहाकडं तोंड करतात, हे मला माहीत आहे, म्हणून मी पंपाची दिशा बदलली. मग पंपच बदलला. तोंडं तिकडंच. त्या भिंतीपलीकडं न्हाणीघर, मग रस्ता, आणि त्याच दिशेनं जात राहिलं तर लोहा, अहमदपूर, लातूर. आईनं नव्या घरात भांडी मांडली नाहीत. पोत्यातून लागेल तेवढी काढी आणि धुऊन परत पोत्यात ठेवी. कशाला लावू, म्हणायची, तिथं अर्धी घागर हाय. जेवण कमी झालं होतं तिचं. मला भीती वाटू लागली, की ही पेटीही जाईल आणि आईही.

पावसाळा संपता संपता तुमचा फोन आला. घर झाडायला म्हणून तुम्ही पहिल्यांदाच कुलूप उघडलं होतं. किल्ली तेवढे दिवस तुमच्या खुंटीवरच होती, छत कुठं गळलेलं नव्हतं, हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. विभूतीचं बोट झाकणावर तसंच होतं. आणि झाकण काढलं तर घागर काठोकाठ भरलेली.

मी पदार्थविज्ञानातली सगळी कारणं आठवून पाहिली. एवढ्या महिन्यांत त्या घागरीतलं पाणी उडून कमी व्हायला हवं होतं. आईला सांगावं की नाही, हेच कळेना. शेवटी सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला नाही.

"मंग तो घरीच राह्यला की," ती म्हणाली. "घराला मानूस हाय. आपून आता इथं रहाया मोकळं झालो."

दुसऱ्या दिवशी तिनं पोतं रिकामं करून भांडी मांडणीवर लावली. मासे त्या सकाळी पेटीभर फिरत होते. तिनं तांब्या घातला, पण समोर बसली नाही, नुसते मासे बघावेत तसं बघितलं आणि बाजाराला गेली. मी तिथंच उभी राहून रडले.

आता कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी नांदेड म्हणते आणि माझी जीभ अडखळत नाही. आपल्या गल्लीतून पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांचंही असंच होत असेल, राहायचं एकीकडं आणि मागं काहीतरी भरून ठेवायचं. फक्त एक विनंती आहे काकू. घर भाड्यानं द्यायचं नाही आणि ती घागर ओतायची नाही. त्या दिवशी झाकण काढल्यावर तुम्ही बोट बुडवून जिभेला लावलंत का, पाणी खारं होतं की गोडं, हे मी विचारलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.