खोलीतला वास

आईला मी सगळं सांगतो. मार्क किती पडले, मेसची भाजी कशी होती, कोणाशी भांडण झालं — काही लपवत नाही. हे मात्र तिला माहीत नाही. तिलाच काय, कोणालाच नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून? — माझं मलाच नीट कळत नाही.

गोष्ट एका वासाची आहे. हसू येईल तुम्हाला. येऊ द्या. आम्हीही तेव्हा हसतच होतो.

मंठ्यापलीकडच्या एका खेड्यातून मी जालन्याला कॉलेजसाठी आलो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. निघायच्या आधी बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मंठ्याच्या बाजारात एक शर्ट घेऊन दिला. आकाशी रंगाचा, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही, धुतला की लगेच वाळतो. "साहेब लोकं असलेच घालतात," दुकानदार म्हणाला, आणि बापूंनी पुढं काही विचारलंच नाही. मला तो शर्ट इतका आवडायचा की एक दिवसाआड तोच अंगात असायचा.

हॉस्टेल खासगी होतं. एका खोलीत आम्ही तिघं. अक्षय अंबडकडचा, त्याचे वडील साखर कारखान्याच्या ऑफिसात. त्याचं बोलणं सफाईदार, कपडे सफाईदार. दुसरा मल्हारी, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचा. घरी थोडी शेती आणि मेंढरं. तोही घरातला पहिलाच शिकणारा. म्हणजे त्याची-माझी गत एकच. आणि तरी — हे लिहिताना हात थांबतो — मला मल्हारीसारखं दिसायचं नव्हतं. मला अक्षयसारखं दिसायचं होतं.

मल्हारी घोंगडीवर झोपायचा. त्याच्या बापानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीची विणून घेतलेली, काळी, कडेला पांढरी रेघ. थंडी पडली तशी तीच पांघरायचा.

दिवाळीची सुट्टी संपवून आलो आणि खोलीत वास यायला लागला. घामाचा. आंबट, शिळा, नाकात बसणारा. सकाळी नसायचा, संध्याकाळी सगळे आले की यायचा. अक्षयनं एकदा नाक आक्रसलं आणि घोंगडीकडं बघितलं. झालं.

"मल्ल्या, खाटेखाली मेंढरू बांधलंय का रे?" त्यानं विचारलं.

"बांधलंय की. दूध पितो का?" मल्हारी म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो. पहिल्यांदा त्याचं हसणं खरं होतं. नंतर रोज तेच सुरू झालं. शेजारच्या खोलीतली पोरं दारातून "ब्यॅ" करून जायला लागली. मी स्वतः कधी "ब्यॅ" केलं नाही. पण हसलो. न करण्याचं श्रेय घ्यावं, असं त्यात काय आहे?

एका दिवशी नळाला पाणी आलं — आमच्याकडं ते कधी येईल याचा नेम नसतो — आणि मल्हारीनं ती घोंगडी धुवायला काढली. गरम पाणी, मूठभर पावडर, ब्रश. घोंगडी अशी धूत नसतात, हे मेंढरांच्या घरातल्या पोराला माहीत नसेल का? माहीत होतं. तरी धुतली. वाळल्यावर ती आखडली, पत्र्यासारखी कडक झाली, रेघ वाकडी झाली. त्यानं ती घडी करायचा प्रयत्न केला, तर घडीही बसेना. मग पिशवीत कोंबून गावाकडं नेऊन ठेवली. बाजारातली पातळ चादर घेऊन झोपायला लागला.

वास तसाच राहिला.

आता घोंगडी नव्हती, म्हणजे माणूसच उरला. मल्हारी त्या थंडीत दोनदा आंघोळ करायला लागला, गार पाण्यानं. अंगाला पावडर फासायचा. बोलताना लांब उभा राहायचा. मी बघत होतो. खाटेवर बसून, पुस्तक हातात घेऊन, सगळं बघत होतो.

मग मल्हारी चुलत्याच्या लग्नासाठी गावी गेला. अक्षयही घरी गेला होता. मी एकटा. कॉलेजातून उन्हात चालत आलो, दार लावलं — आणि वास आला. तोच.

घोंगडी नाही, मल्हारी नाही, अक्षय नाही. मी खाटेखाली वाकून बघितलं, कोपरे हुंगले, बुटांत नाक घातलं. कितीतरी वेळ शोधत राहिलो, कारण जिथं शोधायला हवं होतं तिथं शोधायचं नव्हतं. शेवटी शर्ट काढला आणि त्याची बगल नाकाला लावली.

तोपर्यंत मला शंकाही आली नव्हती, असं म्हणू का? म्हणता येईल. खरं नाही ते. वर्गात माझ्या बाकावरचा एक जण मी बसलो की खिडकी उघडायचा. मी स्वतःला सांगायचो, त्याला उकडत असेल. जानेवारीत!

धुतलेल्या कोरड्या शर्टाला नुसता साबणाचा वास यायचा. अंग तापलं की कापडातून तो दुसरा वास जागा व्हायचा. मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात सांगितलं होतं — पॉलिस्टरसारखं कापड अंगाचं तेल धरून ठेवतं, त्यात घामाचा वास मुरतो. अर्ध्या बादलीत खळबळून काढलं तर साबणही आत राहतो. मग जास्त पावडर टाका नाहीतर वासाचं लिक्विड टाका, उलट त्याचा थर चढतो. मी नेमकं हेच करत होतो. आणि वाळत घालायचो खोलीतल्या दोरीवर, कारण गच्चीवर कारखान्यांची काळी धूळ बसते. लोकरीचंही एक वाक्य होतं त्यात: लोकर घामाचा वास सहसा धरून ठेवत नाही. ते मी मागं घेऊन परत ऐकलं.

किराणा दुकानातून पांढरं व्हिनेगर आणलं, चायनीजच्या गाडीवर असतं ते. शर्ट उलटा करून व्हिनेगरच्या पाण्यात भिजत ठेवला. नुसत्या पाण्यातून काढून बगलांना खायचा सोडा ओला करून चोळला, तिघांसाठी साठवलेलं पाणी ओतून ओतून खळबळला आणि गच्चीवर कडक उन्हात उलटाच वाळवला. धूळ बसली, ती झटकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. मग शर्ट घालून जिने चढलो, उतरलो, घाम काढला, हुंगलं.

वास गेला होता. एवढंच करायचं होतं.

व्हिनेगरची बाटली मी हॉस्टेलात टाकली नाही. लांबच्या कचराकुंडीत नेऊन टाकली. यावरून तुम्हाला कळेल, मी काय करतोय ते मला बराबर कळत होतं.

अक्षय आधी परत आला. दारातच थांबला, मोठा श्वास घेतला. "आयला दत्ता! बघ, गडी गेला आणि वासही गेला. मी काय म्हणत होतो?"

मी म्हणालो, "हौ ना."

मल्हारी लग्नाचे लाडू घेऊन आला. अक्षयनं तोवर हॉस्टेलच्या मालकांना, आमच्या काकांना, सांगितलं होतं. काका खोलीत आले. माणूस वाईट नव्हता, अवघडून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "दत्ता, तू सांग रे बाबा. हा म्हनतो तसं हाय का? तुला येतो का वास?"

लाडवांचा डबा मल्हारीच्या हातातच होता. तो माझ्याकडं बघत होता. त्या नजरेत विनवणी नव्हती. त्याला वाटत होतं, दत्ता खरं सांगेल.

"थोडा येतो, काका," मी म्हणालो.

अक्षयचं बोलणं त्यानं इतके दिवस वरवर तरी हसण्यावारी नेलं होतं. माझं त्याला खरं वाटलं. तो भांडला नाही. मान हलवली, डबा खिडकीत ठेवला आणि सामान आवरायला लागला. काही दिवस गावाहून एसटीनं येऊन-जाऊन कॉलेज केलं. मग दिसेनासा झाला.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण मागच्या महिन्यात भोकरदनच्या गाडीत तो भेटला. आता कुठल्याशा कृषी केंद्रात कामाला आहे. मला बघून खूश झाला. मी शेजारी बसायच्या आधी त्यानं खिडकी पूर्ण उघडली, खिडकीकडं सरकला आणि दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट दाबून बसला. गाडी हादरली तरी हात सुटले नाहीत. घरच्यांची चौकशी केली, माझ्या परीक्षेची केली. मग रस्त्याकडं बघत, हळू आवाजात —

"दत्ता, एक इचारू का? तू खरं सांगशील म्हनून इचारतो. अजून येतो का रे?"

गाडीत गर्दी होती, तरी आमचं बोलणं कोणी ऐकत नव्हतं. अक्षय नव्हता, काका नव्हते. भिण्यासारखं कोणीही नव्हतं.

"न्हाई रे," मी म्हणालो. "आता बिलकुल न्हाई येत."

आता.

त्याचे खांदे सैल पडले. कोपरं सुटली. "दोनदा आंघोळ करतो ना अजून," तो म्हणाला आणि हसला. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

त्या दिवशीही माझ्या अंगात तो आकाशी शर्टच होता. अजून टिकून आहे. उन्हात दिवसभर हिंडून आलो तरी त्याला कसलाच वास येत नाही.